कल्ले लाल असले तरी

सूनबाई, मासा आणलास की तू आधी कल्ला उचलून बघतेस, मग डोळा, मग पाठीवर बोट दाबून मांस वर येतं का ते. आईने चांगलं वळण लावलंय. आमच्या आज्यांचीही हीच परीक्षा. पण ती ताजेपणाची परीक्षा, एवढं ध्यानात ठेव. मासा मेला केव्हा ते कल्ल्यावरून कळतं, तो जगला कुठे ते कळत नाही. पारा, शिसं, कॅडमियम अंगात मुरलेला मासा धडधाकट दिसतो, तव्यावर तसाच तडतडतो आणि जिभेला गोडच लागतो. तुला आता दिवस गेलेत, म्हणून बाजाराच्या आणि चुलीच्या काही गोष्टी कानात घालते. माझा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला आणि माहेर वाशिष्ठीच्या काठचं, तेव्हा यात थोडं पुस्तकातलं येईल, थोडं खाडीतलं.

मासेवालीला 'ताजं आहे का' विचारायच्या आधी 'कुठल्या पाण्याचं' हे विचारत जा. आपल्याकडे 'खाडीचं आहे' म्हटलं की भाव चढतो आणि गिऱ्हाईक पुढे काही बोलत नाही. पण खाडी काय एक आहे? बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, प्रत्येकीच्या पाठीशी वेगळी नदी आणि त्या नदीकाठी वेगळे धंदे. मासेवालीला उत्तर ठाऊक असतं. चार वेळा विचारलंस की पाचव्या वेळी ती आपणहून सांगेल.

दाभोळचंच बघ. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते, पोफळीच्या बाजूला कोयनेचं अवजल तिला मिळतं, चिपळूण ओलांडून ती खाली येते. खेडची जगबुडी तिला येऊन मिळते आणि दोघी दाभोळला समुद्राला जातात. मधल्या पठारावर लोटे परशुरामची एमआयडीसी, बहुतेक रासायनिक कारखान्यांची. तिथलं सांडपाणी एका ठिकाणी शुद्ध करून करंबवण्याच्या बाजूला खाडीत सोडायची व्यवस्था आहे. ती व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालली होती ते माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात लिहून ठेवलंय. आलेलं सांडपाणी त्या केंद्राला पेलत नव्हतं आणि शुद्ध न झालेलं पाणी कोतवलीसारख्या गावांच्या ओढ्यात उतरत होतं. खेडला पाणी देणाऱ्या बोरज धरणात टँकरने विषारी कचरा ओतल्याचं आणि गावाचा पाणीपुरवठा कित्येक आठवडे बंद ठेवावा लागल्याचंही समितीला लोकांनी सांगितलं. त्याच अहवालात पोटापाण्याचा हिशोब आहे. कारखान्यांनी 11 हजार लोकांना काम दिलं, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. आमच्यातले 20 हजार बेकार झाले, असं खाडीवरच्या मच्छीमारांचं म्हणणं. मी दुसऱ्या आकड्याच्या बाजूची आहे. माहेरच्या आळीत पूर्वी ज्या पडव्यांत जाळी टांगलेली असायची, त्यांत आता मोटरसायकली उभ्या असतात.

खाडीत मासे मरून तरंगले की पेपरात फोटो येतो आणि लोक आठवडाभर मासे खायचे थांबतात. आठवड्यानंतर सगळं विसरून पुन्हा आणायला लागतात. मासे एकदम मरणं आणि माशात धातू मुरणं हे दोन वेगळे प्रकार आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. एकदम पांढरा खच पडतो तो बहुतेक वेळा गुदमरून: पाण्यात आलेली घाण कुजताना प्राणवायू खाऊन टाकते आणि मासा श्वासावाचून मरतो. कधी पाण्यात जहाल रसायन उतरतं, कधी एखादा नतद्रष्ट कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकून मासे धरतो. असा वर आलेला मासा धडपडत असला तरी उचलायचा नाही, वाळत घालायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही. धातूचं काम मात्र सावकाश चालतं. त्यात खच पडत नाही, वास येत नाही, फोटो निघत नाही. मासा वाढत राहतो आणि त्याच्याबरोबर त्याच्या अंगातला धातू.

हा धातू राहतो कुठे, तर गाळात. नदीतून वाहत आलेली बारीक माती खाऱ्या पाण्याला भेटली की तिचे पुंजके होतात आणि ते तळाला बसतात. धातू त्या मातीला चिकटून आलेले असतात, तेही तिथेच बसतात. म्हणजे गोडं आणि खारं मिसळतं तो पट्टा हे धातूंचं कोठार. वरचं पाणी दर भरती-ओहोटीला बदलतं, गाळ जागच्या जागी राहतो. कारखाना उद्या बंद झाला तरी तळातलं परवा जात नाही. म्हणून नितळ पाणी बघून फसू नकोस, आणि त्या पट्ट्यातली तळाची मासळी, चिखलात तोंड खुपसणारी शिंगटी, बिळातल्या कुर्ल्या, गाळात रुतून बसलेले मुळे, यांच्याबाबतीत जास्त चोखंदळ राहा.

मुळ्यांचं खास सांगते, कारण ते तुला आवडतात. आपण रात्रभर पाण्यात ठेवतो ते रेती सोडावी म्हणून. रेती सुटते. धातू सुटत नाही. मुळे, कालवं ही दिवसभर पाणी गाळून त्यातलं अन्न खाणारी जात, पाण्यात जे असेल ते अंगात साठवणारी. मुळे खायचेच असतील तर वर कारखाना, बंदर, गोदी, शहराचा नाला काही नाही अशा खाडीतले आण. कुर्लीच्या कवचाखालचा पिवळट-करडा गीर चोखून खायची आपली सवय. कॅडमियम सगळ्यात जास्त तिथेच साठतं. नांग्यांचं पांढरं मांस खा, गीर सोड. तुझ्या नवऱ्याला हे पटणार नाही. त्याला त्याचा गीर खाऊ दे, पोटात बाळ त्याच्या नाही.

पाऱ्याचा न्याय निराळा. पाण्यात पडलेला पारा तळच्या चिखलात गेला, की जिथे हवा पोचत नाही तिथले जीवाणू त्याचा मिथिल पारा करतात. तो शेवाळात जातो, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशात, लहानातून मोठ्यात, आणि दर पायरीला त्याचं प्रमाण वाढत जातं. म्हणून दुसऱ्या माशांना खाऊन जगणारा, मोठा झालेला, वय झालेला मासा सगळ्यात जड. नदीत मरळ, खाडीत जिताडा, समुद्रात मोरी, मोठा कुपा, मोठी सुरमई. पाहुण्यांपुढे मिरवायला पाच किलोचा जिताडा ठीक आहे. तुझ्या ताटात तळहाताएवढा मासा बरा. रोहू-कटला बर्फातले म्हणून आपण नाकं मुरडतो, पण कटला पाण्यातले सूक्ष्म जीव खातो, रोहू जास्त करून वनस्पती, त्यामुळे त्यांच्यात पारा चढायला पायऱ्याच थोड्या. तळं चांगलं असलं तर ते वाईट नाहीत. फक्त मांगूर म्हणून कोणी थाई मांगूर गळ्यात मारला तर घेऊ नकोस. घाणीच्या डबक्यांत कोंबड्यांच्या आतड्यांवर वाढवतात आणि 2000 सालापासून त्याच्या पैदाशीला देशात बंदी आहे.

मिनामाताचं नाव तू शाळेत ऐकलं असशील. जपानमधलं गाव, 1956 साली रोग उघड झाला, आधी मांजरं वेडीवाकडी नाचून मेली, मग माणसं. कारखान्याचा पारा खाडीत जात होता. मी मुलांना शिकवताना त्याच्याबरोबर आगानो नदी सांगायची. 1965 साली निगाता भागात तोच रोग पुन्हा निघाला, आणि या खेपेला समुद्राचा संबंध नव्हता: वर नदीकाठी कारखाना, खाली नदीतली मासळी खाणारी गावं. 'आमचा मासा गोड्या पाण्यातला' याने काही वाचत नाही. आणि बायकांनी लक्षात ठेवायचं ते असं, की मिनामातात काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता आणि त्यांची बाळं जन्मतःच लुळी निघाली. मिथिल पारा वारेतून बाळाकडे जातो आणि तिथे मेंदू नुकता घडत असतो.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. मासे सोडू नकोस, उलट खा. बाळाच्या मेंदूला माशाचंच तेल लागतं आणि तुझ्या रक्ताला माशातलं लोह. कुठला आणि किती, एवढंच बघायचंय, आणि त्याचा हिशोब मी तुला करून दाखवते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने 2003 साली ठरवलं, की माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे आठवड्याला 1.6 मायक्रोग्रॅमच्या वर मिथिल पारा पोटात जाऊ नये. तू 50 किलोची धर. तुझा आठवड्याचा वाटा 80 मायक्रोग्रॅम. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने साध्या माशाला किलोमागे 0.5 मिलिग्रॅम पाऱ्याची मर्यादा घातलीय, शिकारी माशाला 1. माशातला पारा बहुतेक मिथिल पाराच असतो. म्हणजे कायद्याच्या काठावर बसलेला साधा मासा असेल, तर 160 ग्रॅममध्ये तुझा आठवडा संपला. शिकारी असेल तर 80 ग्रॅममध्ये, एका तुकडीत. आणि किलोमागे 0.05 असलेली बारीक मासळी असेल तर दीड किलो खाल्लीस तरी चालेल. कायदा किलोभर मासा मोजतो. तो मासा कोकणातलं माणूस आठवड्यातून कितीदा खातं हे कायदा मोजत नाही, ते आपण मोजायचं. म्हणून सोमवार-गुरुवार सोडून रोज मासे असणाऱ्या आपल्यासारख्या घरात एकाच पाण्याचा, एकाच जातीचा मासा लागोपाठ आणायचा नाही. आज पेडवे, उद्या मांदेली, परवा कोळंबी, मग बोंबील.

एक बरं आहे, की खाणं बदललं तर अंगातला मिथिल पारा साधारण दोन महिन्यांनी निम्म्यावर येतो. तुझ्या धाकट्या जावेचं पुढच्या वर्षी ठरतंय ना, तिला आत्तापासूनच सांग. कॅडमियमचं तसं नाही. मूत्रपिंडात गेलं की निम्मं व्हायला 10 ते 30 वर्षं. शिसं हाडात जाऊन बसतं आणि गरोदरपणात बाळासाठी हाडातला चुना निघतो त्याच्याबरोबर तेही निघतं. म्हणून नाचणीची भाकरी, दूध, पालेभाजी आणि डॉक्टरने दिलेल्या लोहाच्या गोळ्या यांत टाळाटाळ नको. अंगात लोह आणि चुना कमी असला की शरीर शिसं-कॅडमियम जास्त ओढून घेतं.

आता चूल. धुतल्याने, मीठ-हळद लावल्याने, आमसुलाने, तिरफळाने पारा जात नाही. तो मांसालाच धरून असतो. तळल्याने पाणी उडतं आणि त्याच वजनात पारा उलट जास्त भरतो. सुक्या माशाचंही तेच: वाळून वजन घटतं, धातू घटत नाही, म्हणून शंकेच्या पाण्यातला मासा वाळवून बरा होत नाही. साफ करताना मात्र तुझ्या हातात पुष्कळ आहे. कल्ले मुळापासून काढायचे, पोट पूर्ण उघडायचं, काळीज आणि आतडी टाकायची, पाठीच्या कण्याला चिकटलेली काळपट-लाल रेघ असते ना, ती नखाने खरवडून काढायची. ती माशाची मूत्रपिंडं. शिसं, कॅडमियम या जागांत मांसापेक्षा जास्त असतं. लहान मासळी आपण घाईत पोटासकट टाकतो. नदीची असेल तर बोटाने पोट दाबून साफ कर, वेळ लागला तरी. शंकेच्या पाण्यातल्या माशाचं डोकं कालवणात नको. आणि आंबट कालवण बिनकल्हईच्या पितळी भांड्यात करायचं नाही, हे तुझ्या आईने सांगितलंच असेल. त्यात माझी भर एवढीच, की कल्हईवाला कथील शुद्ध वापरतो ना ते विचार. कथलात शिसं मिसळणारे असतात, आणि मग भांडं चकाकतं ते फुकट.

शिशावरून आठवलं, हे तुझ्या नवऱ्याला, बाबूला ऐकव. तुझे आजेसासरे पाग फेकतात ते बघितलंयस तू. दोरीचं वेटोळं डाव्या मनगटाला, अर्धी जाळी खांद्यावर, आणि काठाचं शिसं दातांत. अंगाला हेलकावा दिला की तोंड उघडतं, जाळी गोल फुलून पाण्यावर पडते. बघायला फार छान. पण ते दातांतले मणी नुसत्या शिशाचे असतात. पावसाळ्याआधी जुन्या बॅटरीचं शिसं पडवीत वितळवून मणी ओततात तेव्हा तर घरभर वाफ आणि जमिनीवर करडी भुकटी. पोरं तिथेच रांगतात. नदीच्या माशातून एका हंगामात जेवढं शिसं पोटात जाईल, त्याहून जास्त या पडवीतून जात असेल, असं मला वाटतं. लहान मुलाच्या रक्तातल्या शिशाला निर्धोक अशी खालची पातळीच नाही. आमच्याकडे ओतकाम बंद केलंय, मणी तयार आणतात. पाग दातांत धरायची सवय मात्र म्हातारपणी सुटत नाही, निदान नातवाने उचलू नये. फेकता येते हाताच्या कोपरावर धरूनही, फक्त फुलते थोडी कमी. मणी हाताळले की साबणाने हात धुवायचे आणि मगच भाकरीला लावायचे.

दुसरं, माशांना नावं ठेवत विडी ओढणारे आपल्याकडे कमी नाहीत. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानात ओढतं. ओढणाऱ्याच्या अंगातलं पुष्कळसं कॅडमियम विडीचंच असतं. शेजारच्या काकी मिश्री लावतात आणि तुलाही 'मळमळ थांबते' म्हणून देतील. घेऊ नकोस. भस्माच्या पुड्याही वैद्याने तपासून, गरोदर आहे हे सांगून दिल्याशिवाय नाही. त्यांतल्या काहींत पारा आणि शिसं मुद्दाम घातलेलं असतं. 'अंगातले धातू बाहेर काढणारा' काढा-पावडर विकणारे फोनवर येतात, त्यांना तर दारातसुद्धा घेऊ नये.

मृगाच्या पावसात चढणीचे मासे येतील. पऱ्ह्याला पाणी आलं की पोरं कंदील घेऊन पळतात, त्यांना अडवणं कठीण. दोन गोष्टी बघ. ओढा वर कुठून येतो ते बघ. एमआयडीसीच्या पठारावरून उतरणाऱ्या ओढ्याचे चढणीचे मासे नकोत. पहिल्या जोराच्या पावसाच्या आडून साठवलेलं सांडपाणी सोडून देतात, अशी काठच्या गावांची जुनी तक्रार आहे, आणि वर्षभराची धूळ-घाणही त्याच पावसात धुऊन येते. दुसरं म्हणजे हे मासे अंडी घालायला चढतात. सगळेच धरले तर पुढच्या वर्षी काय धरणार?

गणपतीचंही यातच येतं. आपल्या मूर्तीला शाडू आणि पाण्याचे रंग, हे घरात ठरलेलंच आहे. चकचकीत तैलरंगांत शिसं असायचं. नव्या नियमाने 2017 पासून घरगुती रंगात ते दशलक्षात 90 भागांवर नको, पण स्वस्त डबा कोण तपासतो? ज्या कोंडीत वाडी मासे धरते तिथे रंगवलेली मूर्ती सोडायची नाही, एवढं वाडीच्या बैठकीत बाबूने बोलून ठेवावं.

आणि कधी माझ्या माहेरी असताना खाडीत मासे मेले, तर नुसती हळहळ करत बसू नका. वेळ लिहून ठेवायची, भरती होती की ओहोटी तेही. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरायची. मरतुकडे दोन-चार मासे पिशवीत घालून बर्फात, मिठात नाही. ग्रामपंचायतीला सांगून पंचनामा करून घ्यायचा, आणि प्रदूषण मंडळाचं कार्यालय चिपळुणातच आहे, तिथे लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर दोन भरत्या येऊन जातात आणि नमुन्यात काही सापडत नाही. पाण्याबरोबर गाळाचा नमुनाही मागा. पाणी वाहून गेलं तरी गाळ बोलतो. माशाच्या मांसातलं शिसं, पारा, कॅडमियम तपासा असं अर्जात नावानिशी लिहायचं, नाहीतर आम्लता आणि प्राणवायू बघून कागद परत येतो. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे 1981 पासूनचं. तिथल्या प्राध्यापकांना विचारायला संकोच करू नये, अशी माणसं सांगतात मनापासून.

राहता राहिली मोरी. बाळंतपणानंतर तुझी आई मोरीचं कालवण घेऊन येईल, दूध येतं म्हणून. मलाही माझ्या आईने घातलं होतं, आणि त्यांचा भाव मी मोडणार नाही. पण मोरी शिकारी मासा आणि अंगावरच्या दुधातूनही पारा थोडा उतरतो. तेव्हा आईला आधीच फोन करून सांग, की आजेसासूबाईंनी सौंदाळ्यांचं कालवण मागितलंय. तेही बाळंतिणीला चांगलं, आणि पचायला हलकं. तरीही डबा मोरीचाच आला, तर झाकण उघडून वास घे, छान झालंय म्हण आणि तुझ्या आजेसासऱ्यांच्या ताटात वाढ. त्यांना आवडते.